मान फियाटचा, माल पिकअपचा

मालवणात माणसं दीर्घायुषी आणि गाड्या अल्पायुषी. उकड्या तांदळाची पेज, माशाची कढी आणि दुपारची वामकुक्षी एवढ्या भांडवलावर इथला माणूस सहज ऐंशी गाठतो, आणि पुढची दहा वर्षं ‘आता आमचं काय, आज आहोत उद्या नाही’ असं म्हणत आरामात काढतो. गाडीला यातलं काहीच मानवत नाही. खारा वारा तर मुळीच नाही. घाटावर दहा वर्षांची गाडी म्हणजे ऐन उमेदीतली. आमच्याकडे त्या वयात तिच्या दारांच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड येतात, नखाने टोकरलं की तांबडा चुरा हातात येतो आणि सायलेन्सर आधी खोकून, मग गर्जून, एक दिवस भर बाजारपेठेत अंग टाकतो. मीठ हवेतून येतं, पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसतं आणि पावसाचे चार महिने त्याला ओल पुरवत राहतात. यावर गावठी उपाय एकच. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल ब्रशने गाडीच्या पोटाला फासायचं. मे संपता संपता गॅरेजांसमोर त्यासाठी रांगा लागतात आणि पुढचे आठ दिवस ज्याच्या त्याच्या खळ्यात काळे ठिपके दिसतात.

अशा हवेत पन्नाशी उलटलेली फियाट धडधाकट राहणं ही सोपी गोष्ट नव्हे. आमच्या वाडीत अशी एक आहे. बहात्तर सालची, फिकट आकाशी. तिचे मालक मुंबईला नोकरीत असताना ती सेकंडहँड घेऊन बसले, आणि निवृत्त झाल्यावर सामान ट्रकमधून पाठवून स्वतः मात्र तिच्यातूनच गावी आले. सगळी वाडी त्यांना काका म्हणते. त्याच खळ्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या पुतण्याची बोलेरो पिकअप उभी असते. घर मूळचं एक, मध्ये भिंत घालून चुली दोन झालेल्या. खळं मात्र अजून सामायिक. त्यामुळे या दोन गाड्या दिवसाचा काही काळ समोरासमोर येतात, आणि संध्याकाळी तिथे गजालीला जमणाऱ्या आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना तुलनेचा विषय आयता मिळतो.

फियाट असते समुद्राकडे पाठ करून बांधलेल्या कौलारू खोपीत. अंगावर जुन्या सुती चादरीचं पांघरूण. प्लास्टिकचं कव्हर काकांना मंजूर नाही, त्याने गाडीला आतून घाम येतो म्हणतात. रविवारी सकाळी आंघोळ, पूजा आणि फियाट असा क्रम. बोनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी बघायचं, प्लग काढून पेट्रोलमध्ये बुडवलेल्या दातांच्या जुन्या ब्रशने घासायचे, पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवायचा, एका डोळ्याने त्यांच्यातली फट बघायची. मग चोक ओढून चावी. पन्नास वर्षांच्या इंजिनाला दमट हवेत लगेच जाग येईल अशी अपेक्षा काकांचीही नसते. ते काचेतून डोकं बाहेर काढतात आणि कोणाचंही नाव न घेता म्हणतात, “दोन धक्के मारा रे, जातली सुरू.” रस्त्याने चाललेला दूधवाला सायकल गडग्याला टेकवतो, कोणी पोरं खेळ सोडून येतात, मी लेंगा वर खोचतो. काका सेकंड टाकून क्लच दाबून बसलेले. उतार लागला की क्लच सोडतात, गाडीला उचकी लागते, पाठीमागून निळा धूर आमच्या तोंडावर येतो आणि सगळ्यांना आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

आत बसल्यावर मात्र जुन्या माणसांचं काय म्हणणं होतं ते कळतं. पुढची सीट बाकासारखी सलग, तीन माणसं आणि मांडीवर एक पोर सुखाने मावतं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे मधल्या माणसाच्या गुडघ्यांना धोका नाही. दाराच्या काचेपुढची ती तिकोनी काच वळवली की वारा बरोबर तोंडावर येतो. इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीसेक घोड्यांची. मालवणच्या बाजारपेठेत एवढे घोडेही जास्तच होतात, तिथे पायी चाललेला माणूस गाडीच्या पुढे जाऊन मासे घेऊन परत येतो. गाडीची लांबी चार मीटरला कमी आणि रुंदी दीड मीटरही नाही. दोन बाजूंना चिऱ्यांचे गडगे असलेल्या पाणंदीतून ती अंग न चोरता जाते. पाणंद बैलगाडीच्या मापाने पडलेली, आणि फियाट त्या मापात बसते. पिकअप त्याच पाणंदीत शिरली की आरसे मिटावे लागतात आणि पुतण्याला कुणाच्या तरी हद्दीवरून दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात.

या गाडीचा इतिहास काका तोंडपाठ सांगतात. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. पन्नाशीच्या दशकात तिथून जी फियाट 1100 बाहेर पडली तिच्या नाकाडामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ करून टाकलं. लाखमोलाच्या वस्तूला असं नाव ठेवायला मराठी माणूसच हवा. 1964 पासून नव्या धाटणीची 1100 डिलाइट आली, आणि सत्तरच्या दशकात तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. परवान्यांच्या त्या काळात गाडी विकत घ्यायची म्हणजे आधी नंबर लावायचा आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहायची. 2000 च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी बनून ती आणखी बरीच वर्षं राबली, आणि 30 ऑक्टोबर 2023 ला तिथल्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. त्या दिवशी मुंबईतल्या वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. टॅक्सी धावत होती तेव्हा याच लोकांनी तिच्या मीटरवरून, दारावरून आणि सीटमधून टोचणाऱ्या स्प्रिंगवरून किती शब्द खर्च केले होते हे टॅक्सीवाल्यांना विचारावं.

आता पिकअप. ती पांढरी. म्हणजे घेतली तेव्हा पांढरी होती. हौद्याला मासळीचे खवले चिकटलेले, फाळक्याला कुणीतरी गेट समजून दिलेली धडक, मागच्या पाट्यांत जादा पान घातलेलं, कारण कंपनीने दीड-पावणेदोन टन सांगितले की आमच्याकडे ती सूचना समजली जाते, मर्यादा नव्हे. डॅशबोर्डवर गणपती, त्याच्या मागे टोलच्या पावत्या, आणि आरशाला टांगलेलं लिंबू-मिरची शनिवारी बदललं जातं. ती धक्का मागत नाही. पहाटे तीनला चावी फिरली की डिझेल इंजिन अख्ख्या वाडीला सांगून सुरू होतं. काकांची झोपमोड होते. ते कुशीवर वळून पुटपुटतात, “गेली बाजारबसवी.” त्यांचा पुतण्यावर जीव आहे, गाडीवर नाही.

ती जाते कुठे? वर्षाचं कॅलेंडर बघावं तसं तिचा हौदा बघावा. ऑगस्टपासून मे अखेरपर्यंत मासळी. बंदरावर होड्या लागल्या की लिलाव, लिलाव झाला की क्रेट, क्रेटात बांगडा आणि वर फोडलेला बर्फ, त्यावर ताडपत्री आवळली की गाडी कसालमार्गे हायवेला. तिथून दक्षिणेला बांद्यावरून गोवा, नाहीतर फोंडाघाट चढून कोल्हापूर. तुळशीचं लग्न लागलं की दशावतार आणि जत्रा. एखाद्या कंपनीची गाडी वाटेत रुसली की राजा, राक्षस आणि नारद यांचं सगळं सामान भरलेला पेटारा हिच्याच हौद्यातून रात्री साडेअकराला देवळासमोर उतरतो. आंगणेवाडीला भराडीदेवीच्या जत्रेत खाज्याची दुकानं लागतात, त्यांचे बाक, कढया आणि गूळ हीच पोचवते. फेब्रुवारीपासून हापूस. पेट्या रचायच्या, गवताचा पेंढा कोंबायचा, संध्याकाळी निघायचं, रात्रभर रस्ता कापायचा आणि पहाटे वाशीच्या मार्केटात रांगेला लागायचं. 1 जून ते 31 जुलै समुद्रात मासेमारी बंद, म्हणून ही काही बंद नसते. तेव्हा चिरे, सिमेंट, कौलं, खताच्या गोण्या, लावणीला जाणाऱ्या बायका. एका रात्री वाडीत एकीला कळा सुरू झाल्या आणि ॲम्ब्युलन्सला वेळ होता, तेव्हा हौद्यात गादी टाकून तिला मालवणला पोचवली ती याच गाडीने. काका तेव्हा शर्ट घालून फियाटपाशी उभे होते. पण धक्का मारायला कोणाला थांबायला वेळ नव्हता.

कोकणात माणसाची ओळख कुळापासून सुरू होते, म्हणून एकदा गजालीत या दोघींची कुळंही काढली गेली. काकांचा समज असा की फियाट खानदानी आणि पिकअप काल आलेली. प्रत्यक्षात उलटं निघतं. काकांच्या गाडीचा मूळपुरुष म्हणजे इटलीतली फियाट 1100, ती 1953 ची. पिकअपच्या कुळाचा आरंभ बोलेरोत नाही. बोलेरो 2000 साली आली हे खरं, पण तिच्या मागे महिंद्राच्या जीपगाड्यांची लांब वंशावळ आहे, आणि ती दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपपर्यंत जाते. महिंद्रांनी 1947 मध्ये माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली, म्हणजे कुर्ल्याची फियाट पाळण्यातही नव्हती तेव्हा. युद्धात सैनिक, दारूगोळा आणि बटाट्यांची पोती एकाच मागच्या भागात भरून चिखलातून नेणारी ती जीप. आमच्या पिकअपने दारूगोळा सोडला, बाकी धर्म बदलला नाही. हे सगळं ऐकून पुतण्या काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने गाडी धुतलेली दिसली.

दोघींत मला दिसणारा मोठा फरक आहे तो त्यांच्या तोंडाच्या दिशेचा. फियाट माणसं गावात आणायची. मे महिन्यात आणि गणपतीला मुंबईहून चाकरमानी निघायचे, टपावरच्या कॅरियरवर वळकट्या, डिकीत साखर, चहापूड, पोरांचे जुने कपडे, आणि काशेडीच्या घाटात रेडिएटर थंड करायला थांबलेली गाड्यांची ओळ. आठ-दहा दिवसांनी गाडी परत जाताना तिच्यात नारळ, कोकमं, कुळथाचं पीठ भरलं जायचं, पण ते आईने दिलेलं, विकलेलं नव्हे. गावाचा खर्च चालायचा मनीऑर्डरवर. पोस्टमन दिसला की म्हातारी ओटीवर येऊन बसायची. फियाट त्या मनीऑर्डरच्या कोकणाची गाडी. ज्याच्याकडे ती असेल त्याने मुंबईत नाव काढलं असं समजत, आणि गावात ती येणं म्हणजे गावाने आपला मुलगा कमावता झालेला बघणं.

पिकअपचं तोंड दुसरीकडे आहे. ती गावाचा माल बाहेर नेते आणि पैसे घेऊन येते. मनीऑर्डरच्या जागी आता वाशीहून दलालाची पट्टी येते, आणि ती हातात पडली की घरात सगळे एका वेळी हिशेब करू लागतात: पेटीला काय लागला, हमाली किती कापली, नासका किती दाखवला. पट्टी मनीऑर्डरइतकी प्रेमळ नसते. तिच्यात खुशालीचा मजकूर नसतो. पण ती आपल्या झाडाची आणि आपल्या समुद्राची असते. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला उघडला, तारकर्ली-देवबागला पर्यटक आले, यावर भाषणं खूप होतात. पुतण्या मुंबईला न जाता गावात राहून संसार करतो यात पिकअपचा वाटा किती, यावर मी अजून एकही भाषण ऐकलेलं नाही.

तरी जीव कोणावर, असं विचारलं तर वाडी एकमुखाने फियाट म्हणेल. मीही म्हणेन. याचं कारण मी बरेच दिवस तिच्या गोलसर बोनेटात आणि तिकोनी काचेत शोधत होतो. ते तिथे नाही. ते धक्क्यात आहे. आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी त्या गाडीला ढकललं आहे. कोणी तिच्यासाठी कुडाळहून केबल आणली, कोणी कोल्हापूरच्या जुन्या बाजारात तिच्या दाराची कडी शोधली, सुताराने स्टिअरिंगच्या फुटलेल्या भागाला फणसाच्या लाकडाचा तुकडा बसवून दिला. तिच्यात आमची थोडीथोडी मेहनत गेली आहे आणि आपली मेहनत जिथे जाते तिथे माणसाची माया चिकटते. पिकअपसाठी आम्ही काहीच केलेलं नाही. तिनेच आमच्यासाठी केलं. उपकार करणाऱ्यावर माया करणं माणसाला अवघड जातं, त्याचं फक्त देणं लागतं, आणि देणं लागतं त्याच्या दारावरून आपण जरा लगबगीने जातो.

पिकअपला मान मिळायचा दिवस वर्षात एकच. गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची ती आता हौद्यातून येते. पूर्वी पाटावर ठेवून डोक्यावरून आणत, आता मूर्ती वाढल्या आणि डोकी उतरली. फियाटने एकदा प्रयत्न केला होता, पण बाप्पा दारातून आत जाईना. मागची काच खाली करून सोंड बाहेर काढावी इथपर्यंत चर्चा गेली आणि थांबली. अडचण अशी की पिकअप मासळीची. म्हणून आदल्या दिवशी तिचं शुद्धीकरण होतं, आणि ते पाहण्यासारखं असतं. फाळका पाडून पुतण्या पाइप घेऊन हौद्यात उभा. आधी नुसतं पाणी, मग कपडे धुण्याची पावडर टाकून खराट्याने घासणं. कोपऱ्यातले खवले खराट्याला दाद देत नाहीत, ते खिळ्याने एकेक उचकटावे लागतात. मग लिंबाची सालं, मग पुन्हा पाणी. मांजरं मात्र गडग्यावरून हलत नाहीत, त्यांच्या दृष्टीने गाडी अजून शुद्ध झालेली नसते. शेवटी काकी येऊन गोमूत्र शिंपडते, हौद्यात नवी सतरंजी पसरते, फाळक्याला आंब्याचे टाळे लागतात, आणि ज्या गाडीला काका वर्षभर नावं ठेवतात तिच्या बोनेटवर ते स्वतः कुंकवाचं बोट लावतात. दीड दिवसांनी विसर्जन होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला पुन्हा बांगडा.

हे सगळं असंच चाललं असतं, पण मुंबईच्या कोणी भाच्याने काकांच्या डोक्यात भरवलं की तुमची फियाट आता विंटेज झाली. तेव्हापासून काका चालताना जरा ताठ चालतात. जगातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांत विंटेज म्हणजे साधारण 1919 ते 1930 मधली गाडी, त्या हिशेबाने फियाट अजून शेंबडी पोर. पण आपल्या सरकारचं मन मोठं. जुलै 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला विंटेज ठरवलं. चासी, बॉडी, इंजिन मूळचंच हवं, त्यात मोठा फेरफार नको. नवी नोंदणी केली तर 20,000 रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं, दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5,000.

काकांनी चष्मा लावून नियम वाचायला घेतले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला नेता येईल, तांत्रिक अभ्यासासाठी नेता येईल, विंटेज रॅलीत नेता येईल, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला नेता येईल. “पेट्रोल भरून करूचा काय?” काकांनी विचारलं. बराच विचार केल्यावर असं ठरलं की पंपावर जाऊन पेट्रोल भरायचं आणि पंपावर जाण्यायेण्यात ते संपवायचं. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला निघते, तिला बघायला रस्त्याच्या दुतर्फा गर्दी लोटते. ती मुळातच मिरवणुकीची. पण काकांची गाडी म्हणजे बँकेत पेन्शन आणायला, डॉक्टरकडे आणि कधी आचऱ्याला रामेश्वराच्या पाया पडायला जाणारी. तिला एकदम निवृत्त करून शोभेला उभी करायची हे त्यांना झेपेना. त्यांनी विंटेजचा नाद सोडला. साधी नोंदणी दर पाच वर्षांनी ओरोसच्या आरटीओत जाऊन वाढवून घ्यायची, पर्यावरणाचा कर भरायचा, आणि मोटार निरीक्षकाने कौतुकाने बोनेटवर हात फिरवला की धन्य व्हायचं, हेच बरं.

त्या नियमांत आणखी एक ओळ होती, तिच्याकडे काकांचं लक्ष गेलं नाही, माझं गेलं. विंटेज होता येतं ते खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकीला. व्यावसायिक वाहनाला नाही. म्हणजे पन्नास काय शंभर वर्षं झाली तरी माल वाहणारी पिकअप विंटेज व्हायची नाही. तिच्यासाठी वेगळा न्याय आहे. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी. जी रोज राबते तिने दरवर्षी ओरोसला जाऊन आपली तब्येत सिद्ध करायची, आणि जी रविवारी धक्क्यावर सुरू होते तिला पाच वर्षांची सवलत. रस्त्यावरच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने यात काही चूक नाही, भरलेली गाडी घाटात ब्रेक सोडून बसली तर काय होतं ते फोंड्याच्या वळणावर कोणीही सांगेल. पण त्या एका ओळीने मला जुन्या गाड्यांविषयी एक गोष्ट लख्ख कळली. गाडी विंटेज होते ती जुनी झाल्यामुळे नाही. जिच्या मालकाला पन्नास वर्षांत ती विकण्याची, मोडण्याची किंवा मरेस्तोवर राबवण्याची गरज पडली नाही, ती विंटेज. राजांच्या गाड्या टिकल्या, डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या टिकल्या. पन्नास वर्षांपूर्वी मालवणच्या बंदरावरून मासळी उचलणारी गाडी कोणी जपून ठेवलेली मला माहीत नाही. ती मिठाने खाल्ली, भंगारात गेली, तिचं काम दुसरीने घेतलं. उद्याच्या माणसाला आमचं आजचं मालवण दाखवायचं झालं तर काकांची फियाट मिळेल, चकचकीत मिळेल, आणि तिच्याकडे बघून त्याचा असा समज होईल की आम्ही सगळे रविवारी सकाळी फिरायला जात होतो.

हे एवढं सुचल्यावर कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. पुतण्या बंदरावर भेटला. क्रेट भरून झाले होते, तो हौद्यावर चढून ताडपत्रीची दोरी दाताने ओढत होता. मी म्हटलं, “तुझ्या गाडीला कधी विंटेज होता येणार नाही, कायद्याने.”

“तां काय असता?” त्याने दोरी दातांत धरूनच विचारलं.

मी म्हटलं, आधी पन्नास वर्षं गाडी सांभाळायची.

“पन्नास वर्सा?” त्याने दोरी सोडली. “मास्तर, पयली पाच वर्सा ही बँकेची, फुडली तीन माजी, मगे गंजाची. पन्नास वर्सा खंयसून आणू?”

मी सोडलं नाही. समजावून सांगितलं. समज, पन्नास वर्षं टिकली. मग त्या गाडीत काही बदल करायचा नाही. तिच्यात माल भरायचा नाही. कामाला बाहेर काढायची नाही. कधीमधी लोकांना दाखवायला न्यायची. आणि एवढं करून सरकारात पैसे भरत राहायचं.

त्याने क्षणभर विचार केला. मग त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं हसू आलं.

“म्हंजे आमची सामायिकातली जमीन म्हणा!” तो म्हणाला. “ती काकांकडेच ऱ्हवांदे. चला, सरा बाजूक, बर्फ वितळता.”